पांढरीचा चढ: सांगलीहून नरसोबाच्या वाडीला सायकलने

सांगलीहून हरिपूर, कोथळी, उदगाव, अर्जुनवाड, शिरोळ अशा गावांमधून नरसोबाच्या वाडीला जाणारी वाट सायकलसाठी सोपी आहे. जायला पंचवीस-तीस किलोमीटर, परत यायला तेवढेच, आणि या सगळ्या अंतरात दमछाक व्हावी असा एकही चढ नाही. गेल्या चार वर्षांत ही वाट मी किती वेळा केली, याची मोजदाद ठेवलेली नाही. बाहेरगावची माणसे मात्र पुन:पुन्हा विचारतात, की घाट नाही, जंगल नाही, दोन्ही बाजूंना नुसता ऊस. अशा रस्त्यावर त्याच त्या ठिकाणी जाण्यात गोडी ती काय? त्या प्रश्नाचे उत्तर मला सविस्तर लिहायचे होते, कारण सपाट रस्त्यावर पाहण्यासारखे काही नसते हा समज मला मनापासून चुकीचा वाटतो.

सायकल मी हौसेने सुरू केली नाही. पन्नाशीच्या सुमारास गुडघे दुखू लागले, जिने चढताना कठडा धरावा लागू लागला, आणि डॉक्टरांनी चालणे कमी करून सायकल चालवायला सांगितले. सायकलवर शरीराचा बराचसा भार बैठक उचलते, त्यामुळे गुडघ्याला हालचाल मिळते पण वजन पेलावे लागत नाही, हे त्यांनी नीट समजावले होते. एक गोष्ट मात्र मला स्वतःच्या अनुभवाने शिकावी लागली. सुरुवातीला पाय जमिनीला टेकावेत म्हणून मी सीट खाली ठेवली होती आणि पंधरा दिवसांत गुडघ्याच्या वाटीपुढे दुखू लागले. सायकलच्या दुकानातल्या मुलाने सीट चार बोटे वर घेतली. टाच पॅडलवर ठेवली आणि पॅडल अगदी खाली नेले, की पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा, एवढा एकच नियम त्याने सांगितला. तेव्हापासून ते दुखणे गेले. सोप्या रस्त्यावर पहिल्यांदा सायकल घेऊन निघणाऱ्याने दुसरे काही केले नाही तरी चालेल, पण सीटची उंची तेवढी पाहून घ्यावी.

सपाट वाटेची म्हणून एक अडचण असते आणि ती कोणी सांगत नाही. चढाच्या रस्त्यावर चढानंतर उतार येतो, उतारावर पाय थांबतात, अंग सैल होते आणि बसण्याची ढब बदलते. इथे उतारच नाही, त्यामुळे पॅडल एकदा फिरू लागले की फिरतच राहते आणि तासाभराने बूड, मनगटे आणि मान तक्रार करू लागतात. यावर उपाय साधा आहे. दर पाच-सहा किलोमीटरला सीटवरून उठून दहा-वीस पॅडले उभ्याने मारावीत, हात हँडलवर जागा बदलून ठेवावेत आणि गिअर हलका ठेवून पाय जरा जलद फिरवावेत. जड गिअरवर जोर लावत राहिले तर वेग तेवढाच मिळतो आणि भार मात्र गुडघ्यावर येतो. माझी सायकल साधी हायब्रिड आहे, टायर मध्यम रुंदीचे आहेत. ताशी पंधरा किलोमीटरच्या आसपास वेग राखला की वाडीला पोहोचायला, थांबत थांबत, अडीच तास लागतात.

मी पहाटे निघते. हिवाळ्यात नदीवर धुके असते, म्हणून पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा लावूनच निघावे लागते. गावातून निघताना थोडी वाकडी वाट करून मी आधी आयर्विन पुलापर्यंत जाते. १९२९ साली बांधलेला हा दगडी पूल म्हणजे सांगलीकरांची मोजपट्टी आहे. पावसाळ्यात या शहरात माणसे एकमेकांना ‘आयर्विनला किती?’ एवढेच विचारतात आणि उत्तर फुटांत येते. ४० फूट ही इशाऱ्याची पातळी, ४५ फूट ही धोक्याची. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. डिसेंबरातल्या पहाटे त्याच पुलावरून खाली पाहिले, तर नदी इतक्या खोल आणि इतकी निवांत दिसते, की ते आकडे याच नदीचे आहेत हे मनाला पटवून द्यावे लागते.

तिथून मागे फिरून हरिपूरचा रस्ता धरायचा. बागेतला गणपती मागे पडला, की जुनी चिंचेची झाडे रस्त्यावर झुकलेली दिसतात आणि हवेत एकदम गारवा येतो. हरिपूर चारेक किलोमीटरवर, म्हणजे अजून अंग गरम झालेले नसते. तरीही मी इथे नेहमी थांबते, आणि ते पेवांसाठी. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण तिची कीर्ती त्याच्या कितीतरी आधीची, आणि तिच्यामागे हरिपूरची जमीन आहे. इथल्या मातीत ओल झिरपत नाही, म्हणून व्यापारी जमिनीत खोल पेवे खणून त्यांत हळद साठवत असत. वरचे तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढे अरुंद आणि आत पोट मोठे, अशी ती रांजणासारखी जागा. तळाला आणि कडेला पाला, चटया, मग हळद आणि वरून मातीने तोंड बंद. वर्षानुवर्षे ठेवलेली हळद तिथे किडत नसे. पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे. आधी हवा खेळू द्यायची, मग कंदील खाली सोडायचा, आणि तो तेवत राहिला तरच माणसाने उतरायचे. २००५ च्या पुरात पाणी या पेवांत शिरले आणि बहुतेक पेवे निकामी झाली. ज्या मातीने ओल कधी आत येऊ दिली नाही, तिच्यावर नदीच येऊन उभी राहिली, तिथे माती काय करणार?

संगमेश्वराच्या देवळामागे घाटाच्या पायऱ्या उतरल्या, की कृष्णा आणि वारणा एकमेकींना भेटताना दिसतात. पाण्यात मात्र पाय घालू नये, कारण सांगली परिसरातल्या कृष्णेत मगरी आहेत आणि काठावरच्या गावांनी त्यापायी माणसेही गमावली आहेत. मी पायऱ्यांवर बसून थर्मासमधला चहा पिते. या पायऱ्यांवरच मला पहिल्यांदा नीट कळले, की आपण ज्या सपाटीवर सायकल चालवतो ती सपाटी नदीने तयार केलेली आहे. कृष्णा महाबळेश्वरला सुमारे १,३०० मीटर उंचीवर उगम पावते आणि सांगलीला येईपर्यंत साडेपाचशे मीटरवर उतरलेली असते. सगळी घाई तिने वरच केलेली असते. कऱ्हाडला कोयना मिळते, ब्रह्मनाळला येरळा, हरिपूरला वारणा, आणि पुढे वाडीला पंचगंगा. एवढे पाणी एकत्र येते आणि नेमका त्याच टप्प्यात नदीचा उतार अगदी कमी होतो. पुढे पंचगंगा फुगलेली असली, की मागच्या पाण्याला जायला जागा राहत नाही आणि ते काठ सोडून शेतांत पसरते. ओसरायलाही त्याला दिवसच्या दिवस लागतात. दर वेळी ओसरताना ते गाळाचा एक थर ठेवून जाते. असे थर शतकानुशतके साचत गेले, आणि त्यांतून काठावरची ही मळीची जमीन झाली. माझ्या गुडघ्यांना सोसणारा रस्ता आणि सांगलीत घराघरांत शिरलेले पाणी, ही दोन्ही एकाच कारणाची रूपे आहेत.

संगमाजवळच्या पुलावरून कोथळीला गेले, की जिल्हा बदलतो आणि आपण शिरोळ तालुक्यात येतो. पूर्वी इथे नावेने पलीकडे जावे लागे, आता पूल झाला आहे. या पुलाच्या अलीकडे सकाळचा पहिला चढ लागतो. चढ म्हणजे काय, तर पुलाला मिळण्यासाठी घातलेला भराव. दोन गिअर खाली आणले की झाले. पण त्या भरावावर चढताना एकदा माझ्या लक्षात आले, की या सगळ्या वाटेवर जे काही थोडेफार चढ आहेत, ते जवळपास सगळेच माणसाच्या वस्तीने घडवलेले आहेत. पुलांचे भराव तर उघडच आहेत. पण त्याहून जुने, त्याहून सौम्य असे चढ दुसरेच आहेत, आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत, पायांना कळतात.

गावची काळी आणि गावची पांढरी हे शब्द मी लहानपणापासून ऐकत आले. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची, एवढा अर्थ माहीत होता. पांढरीला उंची असते हे मला सायकलने शिकवले. उमळवाड, उदगाव, चिंचवाड, अर्जुनवाड या ओळीतल्या कुठल्याही जुन्या गावात शिरताना हा अनुभव घेता येतो. रस्ता दिसायला सरळ असतो, वेगही तोच असतो, आणि वेस जवळ आली की पॅडल किंचित जड होते. वारा आडवा आला असेल असे वाटते, म्हणून झाडांकडे पाहावे तर पान हलत नसते. मग मारुतीचे देऊळ येते, चावडी येते, जुन्या वाड्यांच्या भिंती येतात, आणि तिथे पॅडल पुन्हा हलके होते. गावाच्या दुसऱ्या टोकाने बाहेर पडताना सायकल आपोआप थोडी पळते. उंची म्हणाल तर चार-सहा फूट, कुठे थोडी जास्त. माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी घरे बांधली, ती पडली, त्यांच्याच मातीवर पुन्हा बांधली, राख, केर, विटांचे तुकडे यांची त्यात भर पडत गेली, आणि मुळात थोडी उंच असलेली जागा आणखी उंच होत गेली. गाव कुठे बसवायचे हे ज्यांनी ठरवले, त्यांनी आधी नदीचे पाणी कुठवर येते ते पाहिले असणार.

वेशीबाहेर पसरलेल्या नव्या वसाहती मात्र खाली, काळीच्या पातळीवर आहेत. तिथे जागा मोकळी मिळाली, रस्ता जवळ पडला, घराला अंगण ठेवता आले, आणि त्यात त्या माणसांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही, कारण वाढत्या कुटुंबांना पांढरीवर जागा उरलीच नव्हती. पण पूर आला की पाणी आधी तिथे जाते. सायकलवरून जाताना मी आता सवयीने पाहते, की गिअर कुठे बदलावासा वाटला आणि तिथून पुढची घरे कोणत्या काळातली आहेत. बहुतेक वेळा उत्तर जुळते.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत, यांपैकी एका गावाच्या अलीकडे, माझे मागचे चाक बसले. शेताच्या कुंपणाला लावलेल्या बाभळीच्या फांद्या रस्त्याच्या कडेला पडलेल्या होत्या आणि ट्रॅक्टरला वाट देण्यासाठी मी कडेला घेतले होते. जवळ जादा ट्यूब होती, ती घातली, हवा भरली, आणि अर्ध्या किलोमीटरवर चाक पुन्हा बसले. रस्त्याकडेच्या घरातून एक वयस्क गृहस्थ पाहत होते.

“पंक्चर झाली व्हय, ताई? हिकडं सावलीला घ्या की.”

त्यांनी घमेल्यात पाणी आणून ठेवले आणि विचारले, “टायरच्या आतनं बोट फिरवून बघितलासा का?”

मी बघितले नव्हते. काटा बाहेरून दिसत नव्हता, कारण त्याचे मागचे टोक मोडून रबराच्या पातळीवर आले होते. आतून मात्र त्याचे अणकुचीदार टोक जेमतेम दोन मिलिमीटर वर आलेले होते, आणि नवी ट्यूबही त्यानेच फोडली होती. काकांनी मला घाई करू दिली नाही. टायरच्या आतल्या बाजूने बोटाचे पेर अगदी हलके, कापडावरून फिरवावे तसे फिरवायला सांगितले. एका ठिकाणी टोचले. तिथे त्यांनी बाहेरून टायर वाकवला, नखाने रबर फाकवले आणि सुईने तो काटा मागून ढकलून काढला. तळहातावर घेतला तेव्हा तो तांदळाच्या दाण्याएवढाही नव्हता. मग मी ट्यूब घमेल्यात बुडवली, बुडबुडे येत होते ती जागा पुसली, पॉलिश पेपरने घासली, सोल्यूशन लावले आणि ते सुकेपर्यंत थांबले. सोल्यूशन ओले असतानाच पॅच दाबण्याची चूक बहुतेक जण करतात. चमक जाऊन ते मंद दिसू लागले, बोटाला चिकटेनासे झाले, की मगच पॅच लावायचा.

त्या थांबण्याच्या वेळात माझे लक्ष दाराच्या चौकटीकडे गेले. चौकटीच्या वर, भिंतीला नवा रंग दिलेला असतानाही, वीतभर रुंदीचा एक पट्टा रंगवायचा सोडून दिलेला होता आणि त्याच्या वरच्या कडेला एक खिळा ठोकलेला होता.

“काका, हे पाणी कुठल्या साली?” मी विचारले.

“एकोणीसला. त्या खिळ्यापतूर. पाचच्या सालात उंबऱ्याला लागून परत गेलतं. तवा आमास्नी वाटलं, हेच्यापेक्षा जास्त काय येत न्हाई. म्हणून एकोणीसला बसून ऱ्हायलो. रात्री पाणी खाटंला लागलं, तवा उठलो.”

माझी सायकल त्याच भिंतीला टेकून उभी होती. हँडल माझ्या कमरेच्या थोडे वर येते. मी भिंतीशी उभी राहून हात सरळ वर केला, तेव्हा बोटांची टोके त्या खिळ्याला जेमतेम पोहोचली. तोपर्यंत ५७ फूट हा माझ्यासाठी वर्तमानपत्रातला आकडा होता. आपण जिथे उभे राहून पंक्चर काढतो आहोत, त्या जागेवर आपल्या डोक्यावरून हातभर पाणी होते आणि ते काही दिवस तसेच होते, हे त्या दिवशी समजले. काकांनी जनावरे आधी सोडून दिली होती. दोन म्हशी पांढरीवर देवळाजवळ जाऊन उभ्या राहिल्या आणि वाचल्या, असे त्यांनी सांगितले. म्हशींना कुठे जायचे हे कोणी शिकवले नव्हते.

पैसे विचारले तर ते रागावले. तेव्हापासून जाता-येता त्यांच्याकडे चहाला थांबायचे असे ठरून गेले आहे. मी हरिपूरचे पेरू नेते, ते वांगी देतात. मळीतली ही वांगी ज्यांनी खाल्ली आहेत, त्यांना त्यांची चव सांगायला नको.

अर्जुनवाड ओलांडून घालवाडमार्गे शिरोळकडे जाताना दृश्य थोडे बदलते. ऊस असतोच, पण मधूनमधून अशी वावरे दिसू लागतात, की ज्यांत पीक नाही, नुसती खुरटी झुडपे आहेत आणि मातीवर पांढरट पापुद्रा आला आहे. सकाळच्या तिरप्या उन्हात तो दवासारखा चकाकतो. ही क्षारपड जमीन. वर्षानुवर्षे उसाला मोकाट पाणी दिले, सपाटीमुळे ते निचरून गेले नाही, जमिनीतली पाण्याची पातळी वर आली आणि पाण्याबरोबर क्षार वर येऊन बसले. जी सपाटी सायकलला सोयीची, तीच शेताच्या निचऱ्याला घातक ठरते. शिरोळ तालुक्यात आता बरेच शेतकरी जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून हे पाणी बाहेर काढत आहेत. चर खणण्याचे काम चालू असले, की मी सायकल उभी करून पाहते. चराच्या तळाला दोन बाजूंनी पाझरणारे पाणी पाहिले, की वरच्या कोरड्या दिसणाऱ्या मातीखाली नदी किती जवळ आहे ते कळते. पाइप घातलेल्या रानात दोन-तीन वर्षांनी पुन्हा ऊस उभा राहिलेला मी स्वतः पाहिला आहे, आणि त्याचा मला त्या शेतकऱ्याइतकाच आनंद झाला होता.

उसाचा आणि सायकलचा आणखी एक संबंध आहे. ऑक्टोबरात दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीच्या वर ऊस उभा असतो, तेव्हा वारा लागत नाही, पण वळणापलीकडचे काही दिसत नाही आणि पाणंदीतून गाडी किंवा म्हैस अचानक रस्त्यावर येते, म्हणून प्रत्येक पाणंदीच्या तोंडाशी घंटी वाजवावी. नोव्हेंबरपासून तोड सुरू होते. फड मोकळे झाले की दूरपर्यंत दिसू लागते, आणि वाऱ्यालाही वाट मोकळी होते. सपाट रस्त्यावर चढाची जागा वारा घेतो. समोरून वारा आला की तीन किलोमीटर सहा किलोमीटरांसारखे वाटतात, आणि चढाला निदान माथा असतो, वाऱ्याला तोही नसतो. सकाळी नऊपर्यंत हवा बहुधा शांत असते, अकरानंतर वारा धरतो, म्हणून परतीच्या वाटेवरचे निम्मे अंतर अकराच्या आत काढावे असा माझा शिरस्ता आहे.

गळीत हंगामात उसाचे ट्रॅक्टर हा खरा धोका असतो. एकामागे दोन ट्रॉल्या, त्यांवर बाहेर आलेला ऊस, आणि चालकाला मागचे काही दिसत नाही. त्याला ओलांडण्याच्या फंदात पडू नये. समोरून येत असेल तर खाली उतरून, रस्ता सोडून उभे राहावे. पडलेल्या उसाच्या कांडीवरून पुढचे चाक गेले तर ते सरकते, आणि फडातून बाहेर येणाऱ्या चाकांनी आणलेला चिखल दवाने ओला झालेला असतो. अंधार पडल्यावर या रस्त्यांवर मी हंगामात सायकल नेत नाही. मागे दिवा नसलेल्या, बंद पडून उभ्या असलेल्या ट्रॉलीवर आदळून माणसे गेली आहेत, आणि त्यात सायकलस्वारच असतात असे नाही.

शिरोळनंतर वाडी चार-पाच किलोमीटरवर राहते. देवळाकडे जाणाऱ्या गल्लीत सायकल हातात धरून चालावे लागते, दोन्ही बाजूंना पेढ्यांची, बासुंदीची आणि कवठाच्या बर्फीची दुकाने असतात. नृसिंहसरस्वतींनी इथे बारा वर्षे वास्तव्य केले अशी श्रद्धा आहे, आणि त्यांच्या पादुकांचे देऊळ थेट कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर, घाटावरच आहे. उंच जागी देऊळ बांधता आले नसते असे नाही. पण इथे पाणी येणार हे धरूनच सगळे चालते. पावसाळ्यात पाणी वाढले, की ते एका बाजूने आत येऊन पादुकांवरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. त्या पाण्यात स्नान करण्यासाठी लोक रात्री-अपरात्री धावत येतात, त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. पाणी आणखी वाढले की उत्सवमूर्ती वर हलवतात आणि पूजा तिथे चालू राहते. ज्या पाण्याने हरिपूरची पेवे गेली, काकांचे घर बुडाले, त्याच पाण्याची इथे वाट पाहिली जाते. मला यात विसंगती वाटत नाही. नदीकाठच्या माणसाला या दोन्ही गोष्टी एकदम ठाऊक असतात, आणि पाणी ओसरल्यावर गाळाने भरलेला घाट धुवायला तीच माणसे येतात.

खाण्याबद्दल एवढेच सांगते, की बासुंदी पिऊन लगेच सायकलवर बसू नये. मी केळी, गूळ-शेंगदाणे आणि भडंग बरोबर नेते, आणि कवठाची बर्फी घरच्यांसाठी बांधून घेते.

ज्यांच्या पायांत आणखी बळ आहे, त्यांनी पंचगंगेवरच्या पुलावरून कुरुंदवाडला जावे आणि तिथून पुढे खिद्रापूर गाठावे. हे अंतर जाऊन-येऊन तीसेक किलोमीटरने वाढते, म्हणून ते मी वर्षातून एकदाच, जानेवारीत करते. कोपेश्वराच्या देवळातला ४८ खांबांचा स्वर्गमंडप आणि त्याच्या छताला मुद्दाम ठेवलेले गोल उघडे तोंड पाहण्यासाठी दूरवरून लोक येतात. मी मात्र देवळाच्या पायथ्याशी कोरलेल्या हत्तींच्या ओळीपुढे बसते. सायकलवर दोन-तीन तास क्षितिजाची एकच आडवी रेघ पाहिल्यावर, पाठीवर अख्खे देऊळ घेऊन उभे असलेले ते हत्ती फार जवळचे वाटतात. खिद्रापूरलाही मोठ्या पुरात पाण्याचा वेढा पडतो.

या वाटेवर केव्हा जावे, असे विचाराल तर दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेर. मार्चपासून दहाच्या पुढे ऊन सोसत नाही. जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत जाऊ नये. पूर ओसरल्यानंतरही आठ-पंधरा दिवस थांबावे, कारण रस्त्यावर राहिलेला गाळ वरून सुकलेला दिसतो आणि खाली लोण्यासारखा असतो. शिवाय त्या दिवसांत गावातली माणसे घरे धूत असतात, भिजलेले धान्य आणि गाद्या रस्त्याकडेला टाकलेल्या असतात, तेव्हा जायचेच असेल तर मदतीला जावे.

गेल्या डिसेंबरात परतताना मी नेहमीप्रमाणे काकांच्या दाराशी थांबले. खिळा आणि न रंगवलेला पट्टा जागच्या जागी होता. शेजारी त्यांच्या धाकट्या मुलाचे नवे घर उठत होते. भिंती अजून नव्हत्या, नुसते जोते होते, काळ्या दगडाचे, सिमेंट अजून ओले. सायकल मी त्या जोत्याला टेकवली, तर सीट आणि जोत्याची कड एका पातळीत आली. काकांनी हाताने दाखवले, की जुन्या घराचे जोते त्याच्या निम्मेही नव्हते.

“एवढं बास हाय का, काका?” मी विचारले.

उत्तर गवंड्याने दिले. त्याने ओळंबा बाजूला ठेवला, माझ्या सायकलकडे पाहिले आणि म्हणाला, “अजून दोन थर चढायचं हाईत, ताई.”